अक्काचा काढा आणि माझा खोकला

देवासच्या टेकडीखाली, जिथून पायऱ्या सुरू होतात तिथे उजव्या हाताला जानकीबाईची चहाची गाडी आहे. तिच्या काढ्याने टीबी बरा होतो असे जो सांगेल तो खोटारडा. आणि तिच्या काढ्यात काही अर्थ नाही, म्हातारी पालापाचोळा उकळते, असे जो म्हणेल त्याने एकदा माझ्यासमोर येऊन म्हणावे. मी एकाहत्तर वर्षांचा आहे. एक्सरेत माझ्या छातीचा एक कोपरा अजून पांढरट दिसतो, पण भांडण्यापुरता दम शिल्लक आहे. दोन्ही बाबतींत मी स्वतः साक्षीदार आहे, आणि पहिली गोष्ट शिकताना माझा जीव जायचा राहिला.

लिहिण्याबद्दलही आधीच सांगून टाकतो. माझी शाळा बदनावरजवळच्या खेड्यात, पाचवीपर्यंत, तीसुद्धा हिंदीतून. मराठी घरात आजीकडून शिकलो. पुण्याहून पाहुणे आले की आमच्या मराठीला हसतात. हसू देत. आमचे पूर्वज पवारांच्या फौजेबरोबर तंबू शिवायला आले, तेव्हापासून ही भाषा आम्ही इथे सांभाळून आहोत. तिला थोडी माळव्याची माती लागली असेल, तर लागणारच.

जानकीबाई माझी मावसबहीण, पाच वर्षांनी मोठी. मी तिला अक्का म्हणतो, म्हणून आता अख्खी टेकडी अक्का म्हणते. तिचे वडील गंधवानीला जंगल खात्यात नाकेदार, रानाचे पहारेकरी, होते. आजूबाजूला सगळी भिल्लांची वस्ती. तिथे थावरी नावाची एक म्हातारी होती, तिच्या मागे मागे अक्का दिवसभर रानात हिंडायची. थावरीची एक रीत होती. कुठलेही पान हातात घेतले की ते काय करते हे सांगायची, आणि लगेच ते काय करत नाही हेही सांगायची. दुसरी गोष्ट पाठ झाल्याशिवाय पुढचे पान दाखवायची नाही.

एकदा सुट्टीत मी तिकडे गेलो असताना कच्च्या चिंचा खाऊन पोट धरून बसलो. अक्काने ओवा चावायला दिला. तासाभराने दुखणे थांबले. मी उठून उभा राहिलो तशी तिने माझ्या थोबाडीत एक ठेवून दिली.

"आता का मारतेस? बरा झालो ना!"

"ओव्याने दुखणे थांबले. अक्कल नाही आली. ती याने येते."

तेव्हा ती अकरा वर्षांची होती. पासष्ट वर्षे झाली, बाईत काही फरक नाही.

लग्न होऊन ती देवासला आली. नवरा शालिग्राम, बसचा कंडक्टर. तो लवकर गेला, मग तिने ही गाडी टाकली. गाडीवर दोन पातेली. एकात साधा दुधाचा चहा, दुसऱ्यात काढा. अडुळसा, गवती चहा, तुळस, आले, थोडे मिरे, थोडा गूळ. पहाटे कारखान्यातली पाळी सुटली की कामगार येतात, मग टेकडी चढणारे भक्त, मग उतरणारे भक्त. साधा चहा कोणालाही मिळतो. काढा मागितला की आधी प्रश्न.

"कशाला हवा?"

"यूँ ही अक्का, स्वाद के लिए," असे म्हटले की लगेच गिलास हातात. पण कोणी "खोकला आहे" म्हणाला, की किती दिवसांचा, ताप येतो का, बेडक्यात रक्त दिसते का, वजन उतरले का, अशी उलटतपासणी. पोलीससुद्धा इतके विचारत नाहीत. पंधरा दिवसांच्या वरचा खोकला असला तर ती सरळ दवाखान्याची वाट दाखवते आणि काढ्यावर झाकण ठेवते. याने गिऱ्हाईक तुटते हे तिला ठाऊक आहे. तिचे म्हणणे, "तुटू दे. मेलेले गिऱ्हाईकही तुटतेच."

एकदा एक तरुण डॉक्टर टेकडी उतरून आला. गळ्यात कॅमेरा, पायात भारी बूट. काढ्याचे पातेले बघून हसला.

"आंटी, ये सब फालतू है. कोई असर नहीं होता."

अक्काने विचारले, "बेटा, लहानपणी घसा बसला की आई काय द्यायची?"

"अदरक-शहद."

"मग घरी फोन लाव आणि तिला सांग, तू फालतू होतीस. मी थांबते."

तो बिचारा गोरामोरा झाला. दोन गिलास काढा पिऊन गेला.

आणि दुसऱ्या बाजूचा मासला ऐका. नवरात्रात पायऱ्यांपाशी एक जडीबुटीवाला बाबा बसला होता. भोंग्यावर ओरडत होता की शुगर, मुतखडा, टीबी, सगळे एकवीस दिवसांत जडसे खतम. अक्का समोर जाऊन उभी राहिली. त्याच्या ढिगातली एक काडी उचलून दातांखाली धरली.

"बाबाजी, ही तर ज्येष्ठमधाची काडी आहे. घसा ओला करते. मुतखड्यापर्यंत कुठल्या रस्त्याने जाते?"

लोक हसले. बाबाने भोंगा तिच्याकडे वळवला, तर हिने त्याच भोंग्यात सांगितले, "टीबी वाला कोई हो तो मेरे साथ चलो, सरकारी गोली मुफत मिलती है." दुसऱ्या दिवशी बाबा उठून उज्जैनच्या बाजूला गेला म्हणतात. म्हणजे ती दोन्हीकडे लढते. काढ्याला हसणाऱ्याशीही लढते आणि काढ्याला देव करणाऱ्याशीही. मी मात्र दुसऱ्या टोळीतला निघालो, घरातलाच माणूस असून.

झाले असे. मी बदनावरच्या मंडीत तुलावटी होतो, म्हणजे माल तोलणारा. चाळीस वर्षे सोयाबीन आणि गव्हाची धूळ खाल्ली. म्हातारपणी मुलाकडे, अंबरीशकडे, देवासला राहायला आलो. तो कारखान्यात आहे. सून ऋजुता, आणि चार वर्षांची नात चिऊ. चिऊ रोज माझ्या छातीवर डोके ठेवून गोष्ट ऐकायची. मला खोकला लागला तेव्हा मी म्हणालो, मंडीची धूळ आहे, निघतेय. महिना झाला तरी धूळ निघतच होती. मग गेलो अक्काच्या गाडीवर.

"अक्का, एक काढा दे. कडक."

तिने माझ्याकडे पाहिले. माझा सदरा खांद्यावरून घसरत होता, तो तिने दोन बोटांनी वर केला.

"आधी थुंकी तपासून ये."

"अगं, मी तुझा भाऊ आहे!"

"म्हणूनच प्रेमाने सांगतेय. दुसऱ्याला हाकलले असते."

तपासणीत टीबी निघाला. चिऊचीही तपासणी झाली. तिला काही नव्हते, तरी सावधगिरीची गोळी सुरू केली. मला सहा महिने रोज सकाळी उपाशीपोटी गोळ्या. सरकारी दवाखान्यातली सिस्टर म्हणाली, "बाबा, पेशाब नारंगी आएगी, घबराना मत. गोली का रंग है." आणि अक्काच्या काढ्याबद्दल मी विचारले तर डॉक्टरला विचारून म्हणाली, गोळीनंतर तासाभराने प्या, गोळीच्या ऐवजी नको.

दोन महिने मी शहाण्यासारखा वागलो. गोळ्यांनी मळमळायचे, अन्नाचा वास नको व्हायचा. पण त्यानंतर अक्काचा काढा प्यायलो की घसा मऊ, छाती मोकळी, तोंडाला चव. हळूहळू खोकला गेला. अगदी गेला. आता मला सांगा, एका हाताने तुम्हाला रोज कोणी थप्पड मारतो आणि दुसऱ्या हाताने कोणी पाठ चोळतो, तर बरे कोणी केले असे तुम्ही म्हणाल? मी तेच म्हणालो. पाचवी पास डोक्याने हिशेब केला की गोळी त्रास देते, काढा आराम देतो, म्हणजे काढ्यानेच रोग गेला. ती थावरी म्हातारी, ते रान, ते सगळे आपले. गोळी परकी. मी गोळ्या तोंडात घ्यायचो आणि ऋजुता वळली की मागच्या नालीत थुंकायचो. अंगात मोठा वीर संचारला होता. वाटायचे, मी दवाखान्याला हरवले.

अक्काला शंका आली ती तिसऱ्या आठवड्यात. संध्याकाळी माझे डोळे चकाकतात म्हणाली.

"बळवंता, गोळ्या चालू आहेत ना?"

"हो तर."

"शपथ नको. रंग दाखव."

"कसला रंग?"

"सिस्टर म्हणाली ना नारंगी होते? उद्या सकाळी बाटलीत घेऊन ये."

"अक्का! चारचौघांत, चहाच्या गाडीवर?"

"गाडीच्या मागे ये. मी काही प्यायला मागत नाहीये."

आता आली पंचाईत. माझा रंग तर केव्हाच पाण्यासारखा झालेला. पण मी मंडीत चाळीस वर्षे काढलेला माणूस. दाण्यात खडा कसा मिसळतात ते मी पाहिले आहे. घरात गेल्या रंगपंचमीची उरलेली पळसाची वाळलेली फुले होती, ज्यांना इकडे टेसू म्हणतात. रात्रभर वाटीत भिजवली. सकाळी असे सुंदर नारंगी पाणी झाले की मलाच कौतुक वाटले. औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरले, बूच लावले, शर्टाच्या खिशात घातले आणि ताठ मानेने टेकडीखाली गेलो.

गाडीवर गर्दी होती. अक्का मागे आली. बाटली उन्हात धरली. मग बूच काढून नाकाशी नेली. मी मनात म्हटले, एवढी कशी ही बाई निर्लज्ज!

"बळवंता," ती सावकाश म्हणाली, "तुझ्या लघवीला फागणाचा वास येतोय रे."

"म्हणजे?"

ती पान खाते. कनवटीची चुन्याची डबी तिने काढली, काडीच्या टोकावर चुना घेतला आणि बाटलीत सोडला. बाटली हलवली. नारंगी पाणी डोळ्यांसमोर दाट केशरी झाले, होळीच्या हंड्यासारखे.

माळव्यात जन्मलेल्या प्रत्येक पोराला ठाऊक असते की टेसूला चुना लावला की रंग भडकतो. मलाही ठाऊक होते. पण ज्या बाईने साठ वर्षे झाडपाल्यात घालवली तिला फसवायला मी झाडपालाच घेऊन गेलो, एवढा मी मूर्ख.

मला वाटले आता थोबाडीत बसणार. बसली असती तर बरे झाले असते. ती पुढे गेली, काढ्याचे भरलेले पातेले फडक्याने धरले आणि सगळ्यांसमोर रस्त्याच्या कडेला ओतून दिले. वाफेचा लोट उठला. एक कामगार ओरडला, "अरे अक्का! ये क्या किया? मेरा नंबर था!"

"आज से काढ़ा बंद," ती म्हणाली. "मेरा भाई जब तक गोली नहीं खाएगा, किसी को नहीं मिलेगा."

सगळ्यांची तोंडे माझ्याकडे वळली. मलाही चीड आली. मी सगळ्यांच्या देखत ओरडलो, "नाही खाणार! तुझ्याच काढ्याने बरा झालोय मी. खोकला कुठे आहे, दाखव! दहा डॉक्टर आण. तुझ्याच औषधावर तुझा विश्वास नाही, माझा आहे!"

एक-दोघे म्हणालेसुद्धा, "सही बात है भिया."

अक्का माझ्या अगदी जवळ आली आणि हळू आवाजात बोलली. मला वाटते, ते फक्त मी ऐकले.

"शालिग्रामचा खोकलाही मीच थांबवला होता."

मला कळेना. आम्हाला सगळ्यांना सांगितले होते की तो हृदयाने गेला.

"त्यालाही हाच रोग होता. दोन महिने गोळ्या घेतल्या. मी रात्रंदिवस काढा उकळला, खोकला थांबला. तो म्हणाला, जानकी, तुझ्या हाताला यश आहे, आता ते विष नको. मी खूश झाले रे बळवंता. मी त्याला अडवले नाही. खोकला थांबला होता, रोग नव्हता थांबला. आत पोखरत होता आणि बाहेर आवाज येत नव्हता, कारण आवाज मी बंद केला होता. माझा काढा आवाज बंद करतो. एवढेच करतो. चिऊला छातीवर घेतोस ना? घे, किती दिवस घेतोस बघू."

मी त्याच पावली दवाखान्यात गेलो असे लिहिले तर शोभून दिसेल, पण तसे झाले नाही. मी रागाने घरी गेलो. चिऊ धावत आली, "आजोबा, गोष्ट!" आणि मी तिला पहिल्यांदा हाताने लांब धरले. ती रडली. ऋजुता स्वयंपाकघरातून बाहेर आली, तिला मी सगळे सांगून टाकले, नालीसकट. तिने चपला घातल्या आणि रिक्षा बोलावली.

थुंकीत जंतू परत सापडले. मधे गोळ्या सोडल्याने ते गोळ्यांना दाद देईनासे होतात, म्हणून वेगळी तपासणी झाली. तिचा निकाल येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझे मला ठाऊक. चिऊ दाराच्या चौकटीत उभी राहून हात हलवायची आणि मी कॉटवरून गोष्ट सांगायचो, तोंडावर फडके बांधून. राक्षसाचा आवाज फडक्यातून चांगला निघतो, एवढाच त्यात फायदा. निकाल आला, जंतू अजून त्याच गोळ्यांना दबत होते. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दारात अक्का. शहात्तर वर्षांची बाई, गाडी लावायच्या आधी, पायी.

"तोंड उघड. गीळ. जीभ वर कर. आता गालाच्या आत."

"अक्का, मी चिऊपेक्षा लहान आहे का?"

"चिऊ गोळी थुंकत नाही."

रोज. सहा महिने. दिवाळीला आली, मकरसंक्रांतीला तिळगूळ घेऊन आली पण आधी गोळी. एकदा ताप होता तरी आली आणि तोंड बघून परत गेली. तासाभराने ऋजुता आले ठेचून अक्काने दिलेला पाला उकळायची, आणि त्या पहिल्या घोटाबरोबर पोटातली ढवळाढवळ खाली बसायची. तो घोट नसता तर मी दुसऱ्याच आठवड्यात पुन्हा नाली शोधली असती. हे मी अक्कालाही सांगितले.

"मनाचे खेळ," ती म्हणाली.

"मन माझेच आहे ना? मग झाले तर."

शेवटची तपासणी स्वच्छ आली तो दिवस. आम्ही सगळे टेकडीखाली गेलो. चिऊ माझ्या खांद्यावर. गाडीजवळ मोबाईलचे दुकान चालवणारा अर्पित आहे, त्याला बातमी लागली होतीच. त्याने फोन माझ्या तोंडासमोर धरला.

"दादाजी, बोलिए, अक्का के काढ़े से टीबी कैसे भागी? लाखों लोग देखेंगे."

अक्काने त्याचा फोन धरलेला हात आपल्याकडे वळवला. "माझे घे. मैं जानकीबाई. मेरे काढ़े से टीबी नहीं जाती. गोली से जाती है. पूरी खाने से जाती है. मेरा आदमी आधी खाकर मर गया." इतकी वर्षे जे आमच्यापासून लपवले ते तिने फोनमध्ये, भर बाजारात सांगितले.

अर्पित कसाबसा म्हणाला, "अक्का, ये कौन देखेगा?"

"जिसको खाँसी है वो देखेगा."

मग मी मान पुढे केली. "और एक बात. वो गोली पेट में टिकी, तो इसके अदरक से टिकी."

"ते काप," अक्का अर्पितला म्हणाली. "पुरावा नाही."

"मी पुरावा आहे!"

"तू बाटलीत टेसू घालून आणणारा माणूस. तुझा पुरावा कोण धरतो?"

लोक इतके हसले की साधा चहा उतू गेला. अर्पितने माझे वाक्य कापले. म्हणून मी कागदावर लिहायला बसलो. इथे कापणारा कोणी नाही.

काल हे सगळे तिला वाचून दाखवले. शालिग्रामचे राहू दे म्हणाली. थोबाडीत मारल्याचेही राहू दे म्हणाली. आल्याचे वाक्य मात्र काढ म्हणाली, लोक अर्धेच वाचतात आणि गोळ्या सोडतात. मी सांगितले, लोकांनी पूर्ण वाचावे, मीही पूर्ण गिळल्या. गोळीने रोग मारला आणि आल्याने गोळी पोटात ठेवली. दोन्ही खरे आहे, आणि मी दोन्ही लिहिणार.

आज सकाळी तिने मला गिलास दिला नाही. समोरच्या गाडीवर जाऊन चहा प्यायलो. नुसते गरम पाणी होते. पण वाक्य काढलेले नाही.